२^६७ − १ मूळ संख्या नाही, तरी मिलर-राबिन चाचणीत पास कशी होते?

प्रश्न
पायथनमध्ये मिलर-राबिन चाचणी (घाताच्या बाकीवरून संख्या मूळ असावी का हे झटपट सांगणारी) लिहिली आहे, पाया, म्हणजे जिचा घात काढायचा ती संख्या, फक्त २. २^१२७ − १ ला 'मूळ' येतं, ते बरोबरच आहे. पण २^६७ − १ लाही 'मूळ' येतं आणि ती तर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ आहे. कोडमध्ये चूक कुठे असेल? आणि मग १२७ च्या उत्तरावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

प्रतिसाद १
कोड ठीक आहे, पाया बदला. म = २^न − १ धरा, न विषम मूळ. २^न ही म पेक्षा एकनेच मोठी, म्हणून तिला म ने भागल्यावर बाकी १. आता म − १ = २ × (२^(न−१) − १). फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार कंसातल्या संख्येला न ने भाग जातो. मिलर-राबिनमध्ये आपण जो विषम घातांक घेतो तो हाच कंस! तो न च्या पटीत असल्यामुळे २ च्या त्या घाताची बाकी १ येणारच आणि चाचणी पास होणार, म मूळ असो वा नसो. २०४७ = २^११ − १ = २३ × ८९ घालून बघा, तीही पास होईल. पाया ३ घेतला की लगेच पकडली जाते.

प्रतिसाद २
पाया ३ नेही उत्तर 'बहुधा मूळ' एवढंच. अशा संख्यांना लुकास-लेहमर चाचणी लावा, ती पक्का निकाल देते. स = ४ पासून सुरुवात, दर फेरीत स² − २ ला म ने भागून बाकी ठेवायची. न − २ फेऱ्यांनंतर ० आलं तरच मूळ. न = ७ ला ४, १४, ६७, ४२, १११, ०. न = ११ ला शेवटी १७३६ उरतात, म्हणजे संयुक्त.

१२७ ला फक्त १२५ फेऱ्या. ही ३९ अंकी संख्या मूळ आहे हे फ्रेंच गणिती लुकासने १८७६ मध्ये संगणकाशिवाय दाखवलं! २^६७ − १ संयुक्त आहे हेही त्यानेच दाखवलं, एकही अवयव हाती नसताना. अवयव अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये दिले.

बाकीसाठी भागाकार करत बसू नका, स² − २ ला क्ष म्हणा: (क्ष & म) + (क्ष >> न), आणि उत्तर म किंवा जास्त आलं तर एकदा म वजा. कंस गाळू नका, पायथन + आधी करतो आणि & नंतर. शेवटची वजाबाकी राहिली तर ० ऐवजी म उरतो आणि मूळ संख्या संयुक्त ठरते. सी मध्ये लिहिणार असाल तर वर्ग २५४ बिटांपर्यंत जातो, १२८ बिटांत मावत नाही.

प्रश्नकर्ता
पाया ३ ने ६७ चा घोळ मिटला, आभार. कोलचे अवयव कोडने शोधता येतील का?

प्रतिसाद १
सहज. प्रत्येक मूळ अवयव २ × क × न + १ (क पूर्ण संख्या) अशाच रूपाचा असतो, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७. न = ६७ ला म्हणजे १३४क + १, त्यातही क ला ४ ने भागून ० किंवा १ उरणारेच घ्या. निम्मं काम तिथेच वाचतं. प्रत्येक उमेदवाराने २^६७ ला भागून बाकी १ येते का बघायचं, पण २^६७ आधी काढून नव्हे. तीन आर्ग्युमेंटवालं घाताचं फंक्शन वापरा, pow(२, ६७, उमेदवार). क = १४४५५८० ला १९३७०७७२१ सापडेल, साधारण सव्वासात लाख उमेदवार तपासून.