'एरोइको' म्हणजे पियानो बडवायचा परवाना का?

खर्जवेडा: कालच्या धाग्यावर, नोटेशनवरच्या 'एरोइको' (वीरश्रीने वाजवा) या सूचनेबद्दल एका विद्वानाने लिहिलंय, "एरोइको दिसलं की जोरात आणि जलद वाजवा, बाकी सगळा पुस्तकी फापटपसारा." डोक्यातच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. संगीतकार शोपँची ओपस ५३ पोलोनेज (पोलिश नाचाच्या ठेक्यातली पियानोची रचना) घ्या. 'हिरॉइक' हे नाव लोकांनी चिकटवलं, शोपँने वर लिहिलंय माएस्तोसो, म्हणजे भारदस्तपणे. ती कुणीतरी घाईत वाजवलेली ऐकून तो किती खट्टू झाला होता, ते त्याला ओळखणाऱ्या पियानोवादक चार्ल्स हालेने आठवणींत नोंदवलंय. मधल्या भागातले डाव्या हाताचे ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) तर दबक्या आवाजात सुरू होतात. पहिल्या बारपासूनच (ठेक्याच्या पहिल्याच आवर्तनापासून) बडवलं तर पुढे चढवणार काय, कपाळ?

घाईगडबड: तो विद्वान मीच. नाव घ्यायला काय झालं होतं? बेटोव्हेनची तिसरी सिंफनी १८०६ मध्ये छापली गेली ती 'एरोइका' म्हणूनच. ते तरी लोकांनी चिकटवलेलं नाही ना? १८१७ मध्ये त्याने स्वतः पहिल्या भागाला मेट्रोनोमचा (वेग मोजायच्या यंत्राचा) आकडा दिला: सेकंदाला एक अख्खा बार. घ्या तुमचं माएस्तोसो!

ठाणेकरीण: वेगाचं जाऊ द्या हो. लेकीच्या ग्रेड परीक्षेत 'आणखी वीरश्री हवी' असा शेरा मारून मार्क कापले. वीरश्री आणायची कशी, ते तिच्या टीचरनाही सांगता येईना. फी मात्र वेळच्या वेळी.

डावखुरा: अगदी अगदी! आमच्याकडे परीक्षेच्या तीन पीसेसपलीकडे वर्षभर काही नाही. मुलगा सहावी ग्रेड पास, पण नवं नोटेशन समोर ठेवलं की घाम फुटतो.

जुनं_खोड: मी शिकवतो म्हणून सांगतो, दोष आमचा नाही. जरा स्केल्स घोटून घ्यायला लागलो की आया दारात हजर: "सर, पुढची ग्रेड कधी?"

ठाणेकरीण: 'आया'? बाप काय फक्त गाडी लावायला येतात?

जुनं_खोड: बहुतेकदा हो.

खर्जवेडा: अहो, ग्रेडचं भांडण दुसरीकडे न्या ना! घाईगडबड, त्याच सिंफनीचा दुसरा भाग शोकयात्रा आहे. सुरुवातच पियानिसिमो, अगदी हळू आवाजात. तिथेही बडवणार?

घाईगडबड: बरं बाबा, मयताला तुमचा ठेका. अभिनंदन. पहिला भाग मात्र माझाच. आकडा बेटोव्हेनचा आहे, माझ्या घरचा नाही.

जुनं_खोड: कंडक्टर क्लेम्पररचं या सिंफनीचं रेकॉर्डिंग ऐका. आकड्याच्या कितीतरी मागे, तरी अंगावर काटा येतो.

घाईगडबड: मला झोप येते.

ठाणेकरीण: जुनं_खोड, 'आया' मागे घेताय ना?