प्रतिसाद: घरातल्या माशांच्या तळ्याला स्वस्त अस्तर

वर कुणी निळी ताडपत्री सुचवलीय, ती नको. तिचा पातळ थर घडीवर तडकतो आणि पाणी झिरपायला लागतं. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड) एचडीपीई कागद, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकचा, बघा. ताठ असतो, म्हणून आधी गच्चीवर उन्हात पसरून मऊ करा, मग कोपऱ्यात घड्या घाला. कापून जोड देऊ नका, गळती तिथूनच.

६ × ४ फुटी, दीड फूट खोल तळ्याला १० × ८ फूट कागद लागेल. दर बाजूला खोलीचा दीड आणि काठावरचा अर्धा फूट धरून.

आणि हो, एवढ्या तळ्यात हजार लिटर, म्हणजे टनभर पाणी! ठाण्यात घोडबंदरच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर असाल तर अस्तराआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा.