सेडमध्ये & टाकलं की जुनंच नाव परत येतंय

हळदवाला_सांगली
मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांच्या ६४० टेक्स्ट फायली आहेत. पेढीच्या नावातलं "आणि मंडळी" जाऊन "& कं." आलं. उबंटूवर सेडची (फायलींतला मजकूर शोधून बदलणारी आज्ञा) स्क्रिप्ट चालवली, तर सगळीकडं "आणि मंडळी कं." उमटलं! मालक म्हणाले, नाव बदललंस का वाढवलंस?
शिवाय "शेतकऱ्याचे नाव"च्या जागी "शेतकरी/खातेदार" हवंय. तिथं नुसती एरर.

मिरजेचा_पेंग्विन
बदलीच्या बाजूला & म्हणजे "जे सापडलं ते जसंच्या तसं". म्हणून \& लिहा. एरर / मुळं येते, सेडला वाटतं वाक्य तिथंच संपलं. विभाजक (शोधायचं आणि बदलायचं वेगळं करणारं चिन्ह) म्हणून / ऐवजी | वापरा. आता बिघडलेलं "आणि मंडळी कं." शोधताना टिंबालाही \ लावा, एकटं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. आणि दादा, आधी कॉपीवर चालवा हो!

हळदवाला_सांगली
& चं काम झालं. पण शेतकऱ्याचं शीर्षक ४१८ फायलींतच बदललं. उरलेल्या उघडून बघितल्या, अक्षर न् अक्षर तेच. चष्मा पुसून बघितलं राव.

कृष्णाकाठ_७
चष्म्याचा दोष नाही, "ऱ्या"चा आहे. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड ०९३१), हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक (झिरो विड्थ जॉइनर) आणि य. दिसायला सारखे, सेडला वेगळे. फायलीचा हेक्झडंप (फायलीतले बाइट आकड्या-अक्षरांत दाखवणारी यादी) काढा, जोडक असेल तर "ई२ ८० ८डी" दिसेल.
पण तो नुसता उडवू नका, रफार होऊन "शेतकर्याचे" होईल. र, हलन्त, जोडक हे तिन्ही मिळून शोधा आणि तिथं ऱ, हलन्त टाका. शीर्षक त्यानंतर बदला.

हळदवाला_सांगली
सापडला! ई२ ८० ८डी, अगदी य च्या आधी दडून बसलेला. या २२२ फायली २०१९च्या पुराआधीच्या. तो संगणक पुरात गेला, पेन ड्राइव्ह माझ्या खिशात होता म्हणून फायली वाचल्या. नव्या मशीनवर कीबोर्ड दुसरा, हे डोक्यातच आलं नाही.
६४० च्या ६४० झाल्या, या वेळी कॉपीवर. आता मालकांना "व्यापाऱ्याची सही" पण बदलून हवीय.