मदत हवी आहे: पिवळ्या पळसाच्या बीपासून पिवळाच पळस येतो का?

मंडळी, चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं शेत आहे. यंदा होळीआधी भोंगऱ्या बाजाराला निघालो होतो, तर नाल्यापलीकडे एक झाड पिवळंधमक दिसलं. लांबून वाटलं सोनसावर असेल, तीही याच दिवसांत पानं गाळून पिवळी फुलते. जवळ गेलो तर पाच पाकळ्यांचं पसरट फूल नाही, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, पळसाचंच. एक फूल उकलून पाहिलं: दहा पुंकेसर, नऊ जुळलेले, एक सुटा. आता पानंही फुटलीत, तीनच! आजूबाजूला पळसच पळस, पण सगळे केशरी.

घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "हाऊ पांढरा पयस शे." पिवळ्याला पांढरा का म्हणायचं, ते त्यांनाच ठाऊक. शास्त्रीय नावात तरी सरळ लिहिलंय: ब्युटिया मोनोस्पर्मा, प्रकार ल्युटिया, म्हणजे पिवळा. जात तीच, फक्त रंग वेगळा.

खरी अडचण या 'पांढऱ्या' नावानेच केली. पांढरा पळस म्हणजे गुप्तधनाची खूण, असं आमच्याकडे पूर्वीपासून बोललं जातं. मी हौसेने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला (चूक माझीच) आणि पंधरा दिवसांत कुणीतरी बुंध्याची साल वीतभर सोलून नेली. जखमेतून लाल डिंक ओघळून वाळलाय. उद्या मुळंही खणतील. म्हणून झाड आहे तोवर त्याची दोन-चार रोपं आमच्या बांधावर करायची आहेत.

शेंगा वाळत आल्यात. एका शेंगेत एकच बी, तेही टोकाला. बाकीची शेंग म्हणजे वाऱ्यावर उडायला कागदी पंख. बी फार दिवस टिकत नाही, ताजंच लावावं लागतं, म्हणून पहिल्या पावसाबरोबर पिशव्या भरायचा विचार आहे. पण मन खातंय ते वेगळ्याच कारणाने. फुलांवर शिंजीर आणि साळुंक्या दिवसभर असायच्या, आणि त्याच चोची शेजारच्या केशरी पळसांवरही जायच्या. मग बी पिवळ्याचं असलं तरी बाप केशरी असू शकतो. फुलं येईपर्यंत कळणार नाही, आणि तोवर आमचे आबा असतील का?

दुसरा रस्ता मुळावरच्या फुटव्यांचा. पळस मुळांतून फुटतो, आणि तो फुटवा आईच्याच रंगाचा असणार. नाल्याकडच्या अंगाला दोन फुटवे आहेत, पण मूळ जाड आहे. तोडून लावला तर जगतो का? पावसाळ्यात काढावा की आधी मूळ अर्धं कापून थांबावं? गुटी कलम (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून) कुणी करून पाहिलंय?

आणि सोललेल्या सालीवर काय लावू? घरात शेण-मातीचा लेप सांगतात, कृषी केंद्रवाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) सांगतो. झाड नेमकं कुठे आहे ते मात्र आता विचारू नका.