अमेरिका आणि चीन यांच्यातील भगिनी शहरांची पहिली जोडी कोणती?

दीर्घवाचक (प्रश्न)

सॅन फ्रान्सिस्को आणि शांघाय यांनी २८ जानेवारी १९८० रोजी भगिनी शहरांचा, म्हणजे दोन देशांतील शहरांच्या औपचारिक मैत्रीचा, करार केला आणि अमेरिका व चीन यांच्यातील अशा नात्यांची ती सुरुवात होती, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. मात्र मिझुरी राज्यातील सेंट लुईस आणि नानजिंग यांचा करार त्याआधीचा असल्याचे नुकतेच वाचनात आले. मग पहिली जोडी नेमकी कोणती? शिवाय ज्या दोन देशांत तीस वर्षे राजनैतिक संबंधच नव्हते, त्यांच्या शहरांना हे इतक्या लवकर कसे साधले? या करारांतून महापौरांच्या सह्यांपलीकडे काही उभे राहिले का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी कागदपत्रे

आपण वाचले ते बरोबर आहे. सेंट लुईस आणि नानजिंग यांचा करार २ नोव्हेंबर १९७९ रोजी झाला. त्याच्या दोनच दिवस आधी ओहायो राज्य आणि हुबेई प्रांत यांनी हात मिळवले होते. पण ते राज्य-प्रांताचे नाते असल्याने शहरांमध्ये पहिला मान सेंट लुईसचाच. सॅन फ्रान्सिस्कोचे नाव अधिक घेतले जाते, त्याला कारण तेथील तत्कालीन महापौर डायॅन फाइनस्टाइन. संबंध प्रस्थापित होऊन सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, जून १९७९ मध्ये, त्या चीनला गेल्या आणि पुढेही त्यांनी शांघायशी असलेला स्नेह कसोशीने जपला. शांघाय संग्रहालयातील प्राचीन कलावस्तूंचे मोठे प्रदर्शन १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरले, ते याच स्नेहाच्या काळात.

वेगाबद्दल सांगायचे तर दोन्ही बाजूंकडे साचा आधीपासून तयार होता. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये, सामान्य नागरिकांनी परदेशी नागरिकांशी थेट संबंध जोडावेत म्हणून जो कार्यक्रम सुरू केला, त्यातूनच तेथील भगिनी शहरांची चळवळ वाढली. चीननेही १९७३ मध्ये तिआनजिन आणि जपानमधील कोबे यांच्या कराराने ही वाट धरली होती. त्यामुळे १ जानेवारी १९७९ रोजी दोन्ही देशांचे संबंध अधिकृतपणे सुरू होताच शहरांना केवळ जोडीदार शोधायचा होता. जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेत आलेले चीनचे नेते डंग श्याओपिंग वॉशिंग्टनखेरीज अटलांटा, ह्यूस्टन आणि सिॲटल येथेही गेले, आणि एप्रिलमध्ये ‘ल्यूलिनहाय’ हे चिनी मालवाहू जहाज सिॲटलच्या बंदरात लागले. १९४९ नंतर अमेरिकी बंदरात आलेले ते नव्या चीनचे पहिले जहाज होते. सिॲटलने पुढे १९८३ मध्ये चोंगचिंगशी नाते जोडले. लॉस एंजेलिसने त्याआधीच, १९८१ मध्ये, ग्वांगझूशी करार केला होता. (हेच लॉस एंजेलिस १९७२ पासून आपल्या मुंबईचेही भगिनी शहर आहे.)

शब्दमित्र

एक भाषिक बाब जोडतो, कारण मला ती या विषयातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते. चिनी भाषेत या नात्याचे अधिकृत नाव ‘भगिनी शहर’ नसून ‘मैत्रीचे शहर’ असे आहे. आपल्याकडे ‘बहीण’ म्हटले की ती थोरली की धाकटी हे सांगावे लागत नाही. चिनीत मात्र थोरलीला ‘जिएजिए’ आणि धाकटीला ‘मेइमेइ’ असे वेगळे शब्द आहेत. मग दोन शहरांपैकी थोरले कोणते, हा प्रश्न करारावर सही होण्याआधीच उभा राहिला असता. कोबेशी करार होताना पंतप्रधान चौ एनलाय यांनीच ‘मैत्री’ हा शब्द सुचवला, असे सांगितले जाते.

दीर्घवाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या तिसऱ्या प्रश्नाबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल.

बागकाम

माझ्या मते उद्याने हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पोर्टलंड आणि सुझौ १९८८ मध्ये भगिनी शहरे झाली आणि २००० साली पोर्टलंडच्या मध्यवस्तीत सुझौच्या पद्धतीचे, भिंतींनी वेढलेले उद्यान खुले झाले. त्यासाठी सुझौहून कारागीर आले आणि ताय सरोवराकाठचे झिजून सच्छिद्र झालेले चुनखडीचे दगडही समुद्रमार्गे आणले गेले. उद्यानाच्या ‘लान सू’ या नावात पोर्टलंडचा ‘लान’ आणि सुझौचा ‘सू’ आहे. सेंट लुईसच्या मिझुरी वनस्पती उद्यानातही नानजिंगच्या मैत्रीची आठवण म्हणून चिनी बाग आहे आणि तिच्यातील मंडप ही नानजिंगची भेट आहे.

दुसरे उदाहरण लहान गावाचे आहे. आयोवा राज्य आणि हबेई प्रांत यांचे नाते १९८३ मध्ये जुळले. (वर आलेला हुबेई वेगळा; आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी जेथे १९४२ साली देह ठेवला, तो हा हबेई.) त्या नात्यामुळे १९८५ मध्ये एक कृषी शिष्टमंडळ आयोवात आले आणि मिसिसिपीकाठच्या मस्कटीन गावातही गेले. शिष्टमंडळाचा प्रमुख हबेईतील एका तालुक्याचा तरुण पक्षसचिव होता आणि तेथे तो एका कुटुंबाच्या घरी दोन रात्री राहिला. तो म्हणजे शी जिनपिंग. फेब्रुवारी २०१२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष असताना ते त्याच गावी पुन्हा गेले आणि जुन्या यजमानांना भेटले. करार झाला तेव्हा आयोवाचे गव्हर्नर असलेले टेरी ब्रॅन्स्टॅड २०१७ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून बीजिंगला गेले. पुढे दोन्ही देशांचे संबंध बरेच ताणले गेले, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये शी सॅन फ्रान्सिस्कोला आले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या भोजनाला आयोवातील ती जुनी मंडळी निमंत्रित होती.