क्लायंट म्हणतो 'काढलेले सगळे फोटो द्या', तुम्ही काय सांगता?

अर्धवट_क्लिक

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मागच्या महिन्यात एक लग्न केलं (म्हणजे शूट केलं, गैरसमज नको), मी आणि एक असिस्टंट, दोघांच्या मिळून 3100 फ्रेम झाल्या. पंधरा दिवस बसून त्यातले 412 निवडले, कलर केले, वेळेत दिले. नवरा-नवरी खूश, पेमेंट क्लिअर, मी पण खूश. चार दिवसांनी नवरीच्या मामांचा फोन, 'बाकीचे कुठेत?' मी म्हटलं बाकीचे कुठले? तर म्हणाले, 'अहो दिवसभर तुमच्या कॅमेऱ्याचा कटकट आवाज चालू होता, मी ऐकत होतो ना, चारशेच कसे निघतील?'

तेव्हापासून रोज एक मेसेज. रॉ (कॅमेऱ्यातून निघालेल्या, एडिट न केलेल्या कच्च्या फाइल) द्या, सगळे द्या, आमचा पुतण्या आहे तो मोबाईलवर एडिट करतो, तुम्हाला त्रास नाही. त्यात कुणीतरी माझ्याच एडिट केलेल्या फोटोवर वरून आणखी एक फिल्टर मारून मला टॅग केलंय, सगळ्यांचे चेहरे केशरी, आणि खाली माझं नाव. लोक विचारतायत ही कुठली स्टाईल.

तुम्ही देता का सगळे? आणि देत नसाल तर समोरच्याला न दुखावता कसं सांगता? कारण 'पॉलिसी नाही' असं म्हटलं की त्यांना वाटतं मी काहीतरी लपवतोय.

रिकामं_कार्ड

अजिबात देऊ नकोस भाऊ. शिंप्याकडून कपडे शिवून आणताना आपण चिंध्या मागतो का?

रॉ म्हणजे काय हे त्यांना एकदा नीट सांग. त्यांना वाटतं रॉ म्हणजे 'ओरिजनल', म्हणजे आपल्याला मिळालेल्यापेक्षा भारी काहीतरी. तसं नाहीये, तो कच्चा माल आहे. 14 बिटच्या रॉमध्ये एकेका रंगाच्या 16,384 पायऱ्या साठवलेल्या असतात, जेपेगमध्ये, म्हणजे आपण देतो त्या तयार फोटोत, 256. त्या जास्तीच्या पायऱ्यांमुळे तर आपण अंधारात गेलेला चेहरा वर काढू शकतो. पण हात न लावता उघडली तर ती फाइल फिकट आणि मेलेली दिसते. पुतण्या ती तशीच टाकणार आणि खाली तुझं नाव लिहिणार, केशरी चेहरे परवडले म्हणशील. शिवाय 24 मेगापिक्सेलची एक रॉ 25-30 एमबी धरली तर 3100 चे 80-90 जीबी होतात. मामांना विचार फोनमध्ये किती जागा आहे, निम्मा विषय तिथेच संपेल.

आणि पुढच्या वेळी किती फोटो देणार हे आधीच कागदावर लिहून सही घे. मी पण हे तीन भांडणं झाल्यावर शिकलो.

मागची_रांग

वरच्या सल्ल्याशी सहमत, पण मामांचा प्रश्न तसा चुकीचा नाहीये. 3100 काढले आणि 412 दिले हे बाहेरच्या माणसाला विचित्रच वाटणार. त्यांना ग्रुप फोटोचं गणित सांगून बघ. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या विज्ञान संशोधन संस्थेतल्या निक स्वेनसन आणि पिअर्स बार्न्स यांनी खरंच हिशोब केलाय, की ग्रुपमध्ये एकाचेही डोळे मिटलेले नकोत तर किती फोटो काढावे लागतील. 20 पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला 3 ने भागायचं, उजेड कमी असेल तर 2 ने. म्हणजे 18 जण उभे असतील तर 6 फ्रेम, आणि हॉलमध्ये मिणमिणता पिवळा उजेड असेल तर 9. त्यातली एक द्यायची, बाकीच्या फेकायच्या. आणि 50 जणांचा ग्रुप असेल तर त्यांच्या मते आशाच सोडा. 2006 मध्ये त्यांना याबद्दल इग नोबेल मिळालंय, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

(यात 'थांबा थांबा, काका आले' म्हणून परत सगळे हलतात तो गुणाकार धरलेला नाही.)

डार्करूम_काका

पोरांनो, हे नवीन नाही. रोलच्या काळात 36 फोटो यायचे, तेव्हाही लोक म्हणायचे निगेटिव्ह द्या. आम्ही द्यायचो, आणि वर्षभराने तेच लोक विचारायचे की ते ठेवलं कुठे. पण त्या वेळी निदान '36 च का' असं कुणी विचारत नव्हतं.

माझा एक किस्सा ऐका. एका कार्यक्रमात काउंटर 36 झाला, 37 झाला, 38 झाला, मी मनात खूश की रोल जास्तीचा निघाला. 40 ला घाम फुटला. फिल्मचं टोक स्पूलमध्ये (फिल्म गुंडाळणाऱ्या रिळात) अडकलंच नव्हतं, रोल होता तिथेच, मी दोन तास रिकाम्या डब्यासमोर लोकांना पोझ द्यायला लावत होतो. त्या दिवसापासून लिव्हर ओढला की डावीकडचा रिवाइंड नॉब फिरतोय ना हे आधी बघायचो, तो फिरला म्हणजे फिल्म सरकतेय. आता डिजिटल आल्यावरही माझी नजर सवयीने डावीकडे जाते, तिथे आता काहीच नसतं.

नाकाची_डावी_बाजू

मी पोर्ट्रेट करते, माझ्याकडे उलटा त्रास. सगळे नकोत, एकच हवा, पण त्यात 'मी' दिसली पाहिजे. 'ही मी नाहीच', 'माझं नाक असं नाहीये', एक ताई तर म्हणाल्या तुमची लेन्स वाकडी आहे. लेन्स बरोबर असते हो, आपण स्वतःला आरशात उलटं बघून सवयीचे झालेलो असतो. 1977 मध्ये अमेरिकेत यावर प्रयोगही झाला, बायकांना स्वतःचा आरशासारखा उलटा केलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. म्हणून मी आता कुणी फारच नाराज झालं तर गुपचूप फोटो आडवा फ्लिप करून दाखवते. 'हां, हा बघा किती छान आलाय!' टीशर्टवर अक्षरं असतील तर पंचाईत होते तेवढीच.

पण मूळ प्रश्नावर माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे देऊ नकोस, पण डिलीटही करू नकोस. एकदा एका कुटुंबाने दीड वर्षाने फोन केला, आजोबा गेले होते, 'तुमच्याकडे त्यांचा एखादा तरी असेल ना'. मी फोकस चुकला म्हणून टाकून दिलेल्या फ्रेममध्ये ते होते, खुर्चीत, कुणाशी तरी हसत बोलताना. होते म्हणजे मला आठवत होतं. हार्डडिस्क रिकामी करताना मी ते उडवून बसले होते. त्यानंतर मी नाकारलेले फोटो पण छोट्या साइजमध्ये ठेवते, जागा फार लागत नाही. मामा नक्की काय शोधतायत ते विचारलंस का?

रिकामं_कार्ड

हे पटलं ताई. पण रॉ नाही म्हणजे नाही, त्यावर मी ठाम.

अर्धवट_क्लिक

अपडेट देतो. ताईंचं ऐकून मामांना फोन केला, सरळ विचारलं, मामा तुम्हाला नक्की कुठला फोटो हवाय? बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, 'अहो मी कुठेच नाहीये.'

लगेच 412 उघडून बघितले. खरंच नाहीत! सगळं लग्न ज्यांनी धावपळ करून उभं केलं तेच नाहीत, मला इतकी लाज वाटली. मग रात्री बसून 3100 मध्ये शोधले तर 11 सापडले. त्यातल्या 8 मध्ये मामा स्वतः फोन वर धरून शूटिंग करतायत, म्हणजे चेहऱ्याच्या जागी फोन, आणि त्यातल्या 2 मध्ये तो फोन बरोबर माझ्या आणि नवरीच्या मध्ये, म्हणून ते मी शिव्या घालत रिजेक्ट केले होते हे आता आठवलं. उरले 3. दोनांत डोळे मिटलेले (18 भागिले 2 चं गणित तेव्हा माहीत असतं तर). एकात डोळे अर्धे उघडे, पण हसतायत.

तोच घेतलाय करायला. बाजूच्या फ्रेममधले उघडे डोळे आणून बसवले असते, पण बाजूच्या फ्रेममध्ये फोन आहे.