प्रति: गडचिरोलीचा नमुना नागपुरात का चालत नाही

'गडचिरोलीचं काम (घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं) नागपूरच्या झोपडपट्टीत चालणार नाही' हे वर दोघांनी लिहिलंय, ते अर्धंच पटतं. १९९९ साली डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं, तेव्हा गावातली आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन देत होती. हे काम देशभर नेताना आशांकडे (सरकारी योजनेतल्या आरोग्य सेविकांकडे) घरभेटी आल्या, इंजेक्शन आलं नाही. म्हणजे इथे सगळा भार बाळाला वेळेत दवाखान्यात पोचवण्यावर आहे, आणि त्यासाठी मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं जवळ असणं ही नागपूरची जमेची बाजूच.

भेटी मात्र माहेरामुळे चुकतात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी भेट ठरलेली; बाई कामठीला माहेरी गेली की ती कोणत्याच आशेच्या यादीत नसते. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच माहेरचा पत्ता घ्या, तिथल्या आशेला फोन करा. नुसतं वजन करून फॉर्म भरला तर भेट वाया जाते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा, तरीही तेवढेच असतील तर लगेच दवाखान्यात पाठवा. दूध ओढणं थांबलं, अंग गार किंवा ढिलं पडलं, तर मोजत बसू नका, थेट पाठवा.